उंचीचा रकाना

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांच्या प्रगतिपुस्तकात हजेरी आणि श्रेणींच्या आसपास उंची-वजनाचा एक रकाना असतो. वर्षातून दोनदा तो भरायचा असतो. कित्येक ठिकाणी तो भिंतीवर काढलेल्या पट्टीकडे बघून, बूट न काढता, कधी तर गेल्या वर्षीच्या आकड्यात अंदाजाने चार-पाच सेंटिमीटर मिळवून भरला जातो. पालक गुण बघतात, शेरा वाचतात, सही करतात. या रकान्यावर नजर थांबत नाही. बुटक्या मुलांना वाढीच्या संप्रेरकाची, म्हणजे ग्रोथ हार्मोनची, इंजेक्शनं द्यावीत की नाहीत हा वाद अलीकडे घराघरांत ऐकू येतो, आणि त्या वादाचं मूळ मला या दुर्लक्षित रकान्यात दिसतं. ज्या मुलांना हे औषध खरोखर हवं आहे ती या रकान्याच्या हयगयीमुळे कुणाच्या लक्षातच येत नाहीत. ज्यांना ते नको आहे, त्यांच्यापर्यंत मात्र ते पैशाच्या आणि काळजीच्या जोरावर पोचतं. या दोन्ही गोष्टी अन्यायाच्या आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी बोलल्या पाहिजेत.

हिंजवडीत हा विषय जितका उघडा पडतो तितका इतरत्र क्वचितच. कागदोपत्री हा मुळशी तालुका. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून इथल्या शेतजमिनींवर एमआयडीसीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहत गेलं. आज माण-मारुंजीपर्यंत पसरलेल्या कार्यालयांभोवती उंच उंच गृहसंकुलं आहेत, त्यांच्या पायथ्याशी बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत आणि मध्येच जुनं गावठाण आहे. जनुकीय तंत्राने औषधी प्रथिनं बनवणारी जेनोव्हा ही कंपनीही हिंजवडीचीच. जिवाणूंकडून किंवा पेशींकडून माणसाच्या उपयोगाचं प्रथिन करवून घेण्याची विद्या इथे नांदते, आणि जगभर ग्रोथ हार्मोन तयार होतं ते याच विद्येतून. ती विद्या, ते औषध विकत घेऊ शकणारा पगार आणि ते औषध कधीच न मिळणारं मूल, तिन्ही एकाच पिनकोडात राहतात.

दोन मुलं कल्पनेने समोर उभी करू. एक अकरा वर्षांचा मुलगा, गृहसंकुलात राहणारा, प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिला. वडील 163 सेंटिमीटर, आई 150. तो दरवर्षी पाच सेंटिमीटर वाढतो आहे. त्याच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढला तर हाडांचं वय नऊ वर्षांचं दिसेल. म्हणजे वाढायला त्याच्याकडे अजून भरपूर अवधी आहे. त्याचे वडीलही दहावीनंतरच वाढले होते. दुसरी सात वर्षांची मुलगी, माणच्या बाजूला एखाद्या चालू बांधकामाशेजारी राहणारी. गोबरे गाल, बारीक आवाज, चारच वर्षांची वाटावी असा चेहरा. सगळे तिला बाहुली म्हणतात, कौतुकाने उचलून घेतात. गेल्या वर्षभरात ती तीन सेंटिमीटरही वाढलेली नाही, पण हे कुणालाच ठाऊक नाही, कारण तिची उंची वर्षाच्या अंतराने दोनदा नीट मोजलेली नाही. काम संपलं की तिचं कुटुंब दुसऱ्या साइटवर जाईल, शाळा बदलेल आणि जे काही आकडे लिहिले गेले असतील तेही मागे राहतील.

मोठ्या दवाखान्यात बालरोग-संप्रेरकतज्ज्ञांसमोर बसण्याची शक्यता यांपैकी कुणाची जास्त आहे, हे सांगायची गरज नाही. तपासणीची तातडीने गरज कुणाला आहे, तेही उघड आहे.

वाढीचं गणित अवघड नाही. जन्मताना मूल साधारण 50 सेंटिमीटर लांब असतं. पहिल्या वर्षात ते सुमारे 25 सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्यात 10 ते 12. चौथ्या-पाचव्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरची संथ चाल असते, आणि मग वयात येताना पुन्हा एक झेप. या मधल्या संथ काळात वर्षाला चार सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ होत असेल तर मूल उंच असो की बुटकं, त्याची तपासणी व्हायलाच हवी. मुख्य मुद्दा चालीचा आहे. वर्गात कोण कुठे उभा आहे, यावरून आजार कळत नाही; गेल्या वर्षी कुठे होता आणि यंदा कुठे आहे, यावरून कळतो. त्यामुळे एका मोजमापाची किंमत फार थोडी. वर्षभराच्या अंतराने, त्याच पद्धतीने, काळजीपूर्वक घेतलेल्या दोन मोजमापांचं मोल मात्र एखाद्या महागड्या तपासणीइतकं आहे.

या बाबतीत पुण्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. भारतीय मुलांची वाढ कशाशी ताडून बघायची, हा प्रश्न इथल्या डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांनी आणि जहांगीर रुग्णालयाशी जोडलेल्या त्यांच्या संशोधन-गटाने वर्षानुवर्षं धरून ठेवला. 2009 साली त्यांचे सुस्थित भारतीय मुलांचे वाढीचे आलेख प्रसिद्ध झाले. पुढे 2015 साली भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी जे आलेख स्वीकारले, त्यांच्यामागेही याच गटाचं काम होतं. देशभरातल्या सुमारे 33 हजार मुलांच्या मोजमापांवर ते उभे आहेत. आज देशातला कुठलाही बालरोगतज्ज्ञ मुलाची उंची ज्या कागदावर टिंब देऊन बघतो, त्या कागदाशी पुण्याचं असं नातं आहे. हिंजवडीपासून जहांगीर काही फार लांब नाही. तरी त्या आलेखावर टिंब देण्याआधी लागणारा खरा आकडाच शाळेतून येत नसेल, तर आलेख कितीही चांगला असून काय करणार?

आलेखावरची सर्वांत खालची रेघ तिसऱ्या शतमकाची असते. या रेघेवर बरेच पालक अडकतात. शंभर निरोगी मुलांपैकी तीन या रेघेखाली असणारच. ती रेघ काढलीच तशी आहे. त्या तिघांतल्या बहुतेकांना काहीही झालेलं नसतं. आईवडील बुटके असतात, किंवा मूल उशिरा वयात येणाऱ्यांपैकी असतं. आईवडिलांच्या उंचीची बेरीज करायची, मुलगा असेल तर तीत 13 मिळवायचे, मुलगी असेल तर 13 वजा करायचे आणि दोनाने भागायचं. मूल साधारण कुठे पोचेल याचा अंदाज येतो. वर सांगितलेल्या मुलाचा आकडा येतो 163, अगदी त्याच्या वडिलांएवढा. त्याला आजार नाही, त्याला वडील आहेत.

खऱ्या आजारांची यादीही हार्मोनच्या कमतरतेने सुरू होत नाही. थायरॉइड कमी पडणं, पोटाचे जुने विकार, मूत्रपिंडाचे दोष, मुडदूस, दीर्घकाळचा रक्तक्षय, दम्यासाठी वर्षानुवर्षं घेतलेली स्टेरॉइडं, या सगळ्यांनी वाढ खुंटते, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर स्वस्तात उपचार होतो. थायरॉइडची गोळी तर किरकोळ किमतीला मिळते. खुद्द ग्रोथ हार्मोनची कमतरता चार ते दहा हजार मुलांत एखाद्याला असते. मुलींमधला टर्नर सिंड्रोम त्याहून जास्त आढळतो, दोन-अडीच हजार मुलींत एक. त्यात दोनांपैकी एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अपुरं असतं, आणि ग्रोथ हार्मोनचा तिथे चांगला उपयोग होतो, मात्र उपचार वेळेत सुरू झाला तर. प्रेडर-विली सिंड्रोम, मूत्रपिंडाचा जुना आजार आणि जन्मतः लहान असून नंतरही भरपाई न झालेली काही मुलं हीही या औषधाच्या मान्य उपयोगांत येतात. या मुलांच्या बाबतीत मला कुठलीच शंका नाही. ज्याच्या पियुषिका (पिट्यूटरी) ग्रंथीत हार्मोन तयारच होत नाही, त्या मुलाला ते बाहेरून देणं आणि मधुमेही मुलाला इन्सुलिन देणं यांत नैतिक फरक काहीच नाही.

शंका पुढे सुरू होते, आणि ती समजायला या औषधाचा इतिहास माहीत असावा लागतो. गाई-डुकरांचं इन्सुलिन माणसाला चालत होतं. वाढीचं हार्मोन मात्र माणसाला माणसाचंच लागतं. 1958 साली बॉस्टनमध्ये मॉरिस रेबन यांनी मृत व्यक्तींच्या पियुषिका ग्रंथींतून काढलेलं हार्मोन एका सतरा वर्षांच्या मुलाला दिलं आणि तो वाढू लागला. त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षं जगभर याच पद्धतीने औषध मिळत होतं. शवविच्छेदनातून एकेक ग्रंथी गोळा करायची, शेकडो-हजारो ग्रंथी एकत्र करून अर्क काढायचा. औषध इतकं दुर्मीळ होतं की ते कुणाला मिळणार हे समित्या ठरवत, आणि कमतरता पक्की सिद्ध झालेल्या मुलांनाच ते मिळे. टंचाई होती, आणि त्या टंचाईमुळे शिस्तही होती.

मग 1985 उजाडलं. लहानपणी हे हार्मोन घेतलेल्या काही तरुणांचा क्रॉइट्सफेल्ट-याकोब या मेंदूच्या जीवघेण्या आजाराने मृत्यू झाल्याचं अमेरिकेत लक्षात आलं. मृतांच्या ग्रंथींतून तो आजार औषधात उतरला होता. एप्रिलमध्ये तिथला पुरवठा थांबवला गेला. फ्रान्समध्ये पुढच्या काळात या एकाच कारणाने शंभराहून अधिक तरुण मेले. 1985 च्याच ऑक्टोबरमध्ये जेनेनटेक कंपनीच्या ई. कोलाय जिवाणूंनी बनवलेल्या हार्मोनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आता मृतदेहांची गरज उरली नाही. औषध शुद्ध झालं आणि हवं तेवढं बनवता येऊ लागलं.

या मुबलकतेनंतर जे घडलं ते मला या साऱ्या कहाणीतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. औषध वाढलं तसा आजारही वाढू लागला. पूर्वी ज्यांना कुणी रुग्ण म्हटलं नसतं अशी मुलं उपचाराच्या कक्षेत आली. 1999 साली जेनेनटेकने मान्यता नसलेल्या उपयोगांसाठी या औषधाचा प्रसार केल्याचा गुन्हा कबूल केला आणि पाच कोटी डॉलर भरले. 2003 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आणखी एक दार उघडलं: ज्यांच्यात कुठलंही कारण सापडत नाही अशा फार बुटक्या मुलांनाही हार्मोन देण्यास मान्यता दिली. त्या नियमानुसार एकूण मुलांपैकी सर्वांत बुटक्या एक-सव्वा टक्क्याला औषध चालतं. या मुलांत आजार असा काही सापडलेलाच नसतो. आजार नाही आणि औषध आहे, अशी स्थिती कायद्याने उभी राहिली.

त्यातून मिळतं काय? अशा मुलांना चार ते सात वर्षं रोज रात्री कातडीखाली इंजेक्शन दिलं तर अखेरच्या उंचीत सरासरी चार ते सात सेंटिमीटरची भर पडते. काहींना जास्त, काहींना जवळजवळ काहीच नाही, आणि कुणाला किती हे आधी सांगता येत नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2006 साली हिशेब मांडला, तेव्हा एका इंचाला पन्नास हजार डॉलरहून जास्त खर्च आला. आपल्याकडे औषधाचे भाव वेगळे आहेत, पण हिशेबाची रीत तीच. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे दिवसाला सुमारे 0.03 मिलिग्रॅम. म्हणजे 25 किलोच्या मुलाला रोज पाऊण मिलिग्रॅम, वर्षाला 270 मिलिग्रॅमच्या वर. मूल वाढतं, वजन वाढतं, मात्रा वाढते, बिल वाढतं. वर्षाचा खर्च लाखांत जातो. आता आठवड्यातून एकदाच घ्यायची इंजेक्शनंही आली आहेत. टोचणं कमी झालं, खर्च नाही. आयटी कंपनीचा आरोग्यविमा सहसा रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतो, त्यामुळे हा भार घरावरच येतो. गृहकर्जाच्या हप्त्याशेजारी हा दुसरा हप्ता सुरू होतो.

निदानाच्या तपासणीतही एक खोच आहे. हार्मोन दिवसभर झटक्याझटक्याने रक्तात येतं, म्हणून एकदाच रक्त काढून काही कळत नाही. क्लोनिडिन किंवा ग्लुकागॉन देऊन पियुषिकेला डिवचायचं आणि दर अर्ध्या तासाने रक्त घ्यायचं, अशी तपासणी असते. पूर्णपणे निरोगी मुलंही यात नापास होतात. उशिरा वयात येणारी मुलं तर बऱ्याचदा, जर तपासणीआधी त्यांना काही दिवस लैंगिक संप्रेरक दिलेलं नसेल तर. पास होण्याची रेघही वर्षागणिक आणि देशागणिक बदलत आली आहे, कुठे 10 नॅनोग्रॅम, कुठे 7. म्हणून दोन वेगवेगळ्या तपासण्या, हाडांचं वय, हार्मोनच्या निरोपावरून यकृतात बनणाऱ्या आयजीएफ-1 ची पातळी, मेंदूचा एमआरआय आणि सर्वांत आधी वाढीची चाल, हे सगळं एकत्र ठेवूनच तज्ज्ञ निर्णय घेतात. नुसत्या एका अहवालावर ‘कमतरता’ असा शिक्का घेऊन घरी आलेल्या पालकांनी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत जरूर घ्यावं. एखादं वर्ष थांबून चाल मोजणं पुष्कळदा शक्य असतं, आणि ते सर्वांत स्वस्त निदान आहे.

यावर पालकांचं म्हणणं मला चांगलं माहीत आहे, आणि ते पोकळ नाही. ‘आमच्या मुलाला रोज चिडवतात. बसमध्ये, मैदानावर, स्नेहसंमेलनात मागे ढकलतात. उद्या लग्नाच्या वेळी, नोकरीच्या वेळी पुन्हा तेच. आमच्याकडे पैसे आहेत, औषध सुरक्षित आहे, मग पाच सेंटिमीटर का मिळू देऊ नयेत?’ इंग्लंडमधल्या वेसेक्स वाढ-अभ्यासाने अशा निरोगी पण बुटक्या मुलांचा शाळेत जाऊ लागल्यापासून पाठपुरावा केला. बुटक्या मुलांनी चिडवलं जात असल्याचं जास्त वेळा सांगितलं, हे खरं. पण वागणूक आणि स्वतःविषयीचं मत यांत ती इतरांहून फारशी वेगळी निघाली नाहीत, आणि जो काही फरक होता त्यात उंचीपेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा होता. चिडवणं आज होतं; इंजेक्शनाचे सेंटिमीटर पाच वर्षांनी येतात. मधल्या दीड-दोन हजार रात्री मुलाला दंडावर किंवा मांडीवर सुई घेताना एकच गोष्ट सांगितली जाते: तू जसा आहेस तसा पुरत नाहीस. हे आपण त्याला सांगावं का? चिडवणाऱ्यांना शाळेने आवरावं, वर्गशिक्षकाने आवरावं, सोसायटीच्या मैदानावरच्या मोठ्यांनी आवरावं. तो उपचार त्या मुलाच्या कातडीखाली करायचा नाही.

शिवाय उंचीचा फायदा तुलनेचा असतो. ज्यांना परवडतं त्या सगळ्यांनी मुलांना पाच सेंटिमीटर दिले तर रांग आहे तशीच राहील, फक्त पहिल्या जागेवर ज्याला परवडत नाही त्याचं मूल येईल. हिंजवडीतल्या संकुलाच्या आणि वस्तीच्या मुलांमध्ये खाण्यापिण्यामुळे आधीच उंचीचं अंतर आहे. त्यात औषधाने आणखी भर घालण्याला मी प्रगती म्हणणार नाही.

सुरक्षिततेबद्दल भीती पसरवणंही योग्य नाही. फ्रान्समधल्या 2012 सालच्या एका अभ्यासात मृत्यूचं प्रमाण किंचित जास्त दिसल्याने काहूर उठलं होतं. 2020 साली युरोपातल्या मोठ्या पाहणीने निव्वळ हार्मोनची कमतरता असलेल्या किंवा कारण न सापडलेल्या मुलांत तसं काही आढळत नसल्याचं दाखवलं. डोकेदुखी, खुब्याच्या सांध्याचं घसरणं, पाठीचा बाक वाढणं, साखरेवर परिणाम, हे दुष्परिणाम थोड्यांनाच होतात आणि लक्ष ठेवलं तर वेळीच कळतात. पण आपल्याकडे साखरेच्या मुद्द्याकडे जरा जास्त गांभीर्याने बघावं. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून केलेल्या अभ्यासाने जगाला दाखवून दिलं की आपली बाळं वजनाने कमी, दिसायला बारीक, तरी चरबीने भरलेली जन्मतात, आणि मधुमेहाची पायवाट तिथूनच सुरू होते. ग्रोथ हार्मोन शरीराची इन्सुलिनला दाद देण्याची ताकद काहीशी कमी करतं. जन्मतः लहान असलेल्या पुणेरी मुलाला ते गरजेपोटी देताना डॉक्टर साखर तपासत राहतात. निव्वळ हौसेखातर ते देताना ही जोखीम कशासाठी घ्यायची?

एका ठिकाणी मात्र माझी रेघ पुसट होते. काही मुलं इतकी बुटकी असतात की कारण सापडलं नाही तरी काहीतरी जनुकीय दोष आत असणार हे दिसतं. घरात स्टुलाशिवाय नळ उघडता येत नाही, सायकल चालवता येत नाही. तिथे तज्ज्ञाने एक वर्ष औषध देऊन बघावं, चाल मोजावी आणि फरक पडत नसेल तर न लाजता थांबवावं, याला माझा विरोध नाही. अमेरिकेतल्या बालसंप्रेरक तज्ज्ञांच्या संघटनेनेही 2016 साली अशा मुलांना सरसकट औषध देण्याविरुद्ध मत दिलं आणि प्रत्येक मुलाचा वेगळा विचार करायला सांगितलं.

आता दुसऱ्या बाजूकडे, जिथे जास्त नुकसान होतं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. ही हार्मोनची कमतरता नव्हे. कुपोषित मुलाच्या रक्तात ग्रोथ हार्मोन उलट जास्त असतं. यकृताला पुरेसं अन्न न मिळाल्याने त्याचा पुढचा निरोप, म्हणजे आयजीएफ-1, तयार होत नाही. अशा मुलाला इंजेक्शन देणं व्यर्थ आहे. त्याला अंडं, दूध, डाळ हवी, स्वच्छ पाणी हवं, आणि त्याची आई गरोदर असताना तिच्या ताटात पुरेसं हवं. हे करता येतं हे याच राज्याने दाखवलं आहे. 2005 साली सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ मिशनच्या काळात, म्हणजे 2012 पर्यंत, दोन वर्षांखालच्या मुलांतलं खुजेपण 39 टक्क्यांवरून पाव हिश्श्याच्या आत आलं. एवढे सेंटिमीटर कुठल्याही कंपनीच्या कुपीने महाराष्ट्राला दिलेले नाहीत.

पण या 35 टक्क्यांच्या गर्दीचा एक क्रूर परिणाम होतो. ज्या वस्तीत बरीच मुलं बुटकी, तिथे खरोखर आजारी असलेलं मूल उठून दिसतच नाही. ‘गरिबाघरचं पोर, बारीकच असणार,’ असं म्हणून विषय संपतो. ते मूल मुलगी असेल तर आणखीच लवकर संपतो. उंचीची काळजी मुलग्याची. मुलगी लहानखुरी असली तरी चालतं, उलट स्थळ बघताना बरंच पडतं, ही समजूत झोपडीतही आहे आणि अठराव्या मजल्यावरही. अमेरिकेतल्या एका मोठ्या केंद्रात 2005 साली बघितलं तर उंचीसाठी पाठवलेल्या मुलग्यांची संख्या मुलींच्या जवळजवळ दुप्पट होती, आणि प्रत्यक्ष आजार सापडला तो मुलींपैकी 41 टक्क्यांत, मुलग्यांपैकी फक्त 15 टक्क्यांत. म्हणजे मुलीला डॉक्टरकडे नेतात तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो. टर्नर सिंड्रोमचं निदान आपल्याकडे कितीदा पाळी न आल्यामुळे, पंधराव्या-सोळाव्या वर्षी होतं. तोपर्यंत हार्मोनने भर घालण्याची बरीच वर्षं निघून गेलेली असतात.

उशिराचा आणखी एक प्रकार मुलग्यांत दिसतो. पोलीस भरतीत पुरुषांसाठी 165 सेंटिमीटरची अट आहे. मुळशी-मावळातली मुलं त्यासाठी पहाटे धावतात, आणि दोन-तीन सेंटिमीटर कमी पडतायत म्हणून अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी बारला लटकतात, डबाबंद पावडरी घेतात, कुणाच्या तरी सांगण्यावरून इंजेक्शनाची चौकशी करतात. हाडांच्या टोकाचे वाढीचे पट्टे तोवर मिटलेले असतात. त्यानंतर जगातलं कुठलंही औषध लांबी वाढवत नाही. उंची वाढवण्याचा दावा करणारी जाहिरात करायलाच 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे, तिथल्या यादीत माणसाची उंची स्पष्ट नोंदलेली आहे. तरी अशा पावडरींच्या जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. सत्तर वर्षांच्या या कायद्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाने करावी. या मुलांचे पैसे आईबापांच्या घामाचे असतात.

काय व्हायला हवं ते फार अवघड नाही. 2013 च्या फेब्रुवारीत पालघरमध्ये ज्याचा देशभरासाठी आरंभ झाला, त्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा जातात. त्यांच्याबरोबर उंची मोजायचा नीट स्टँड हवा. मूल अनवाणी, टाचा-पाठ-डोकं टेकून, नजर सरळ, मोजमाप दोनदा, लिहिणारी व्यक्ती शक्यतो तीच. आकडा मुलाच्या नावाने साठवला जावा, म्हणजे बांधकाम मजुराचं कुटुंब हिंजवडीहून चाकणला गेलं तरी तो त्याच्याबरोबर जाईल. ज्याची वर्षाची वाढ चार सेंटिमीटरखाली असेल त्याला औंधच्या जिल्हा रुग्णालयात पाठवायचं. ते हिंजवडीला जवळच आहे. तिथे आधी अन्न, रक्तक्षय, थायरॉइड, मूत्रपिंड बघायचं, हाताचा एक्स-रे काढायचा. बहुतेकांचा प्रश्न तिथेच सुटेल. उरलेल्या थोड्यांना तज्ज्ञाकडे.

आणि ज्यांच्यात हार्मोनची कमतरता किंवा टर्नर किंवा प्रेडर-विली सिद्ध होईल, त्यांचा खर्च सरकारने उचलावा. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाच्या दुसऱ्या गटात या तिन्हींसाठी ग्रोथ हार्मोनचा नावानिशी उल्लेख आहे, आणि त्या गटातल्या रुग्णांना राज्य सरकारांनी मदत करण्याचा विचार करावा असंही त्यात लिहिलं आहे. या धोरणाखालचं महाराष्ट्रातलं उत्कृष्टता केंद्र मुंबईत, परळच्या केईएममध्ये आहे. रोज रात्री इंजेक्शन लागणाऱ्या मुलीच्या मजूर आईवडिलांनी रोजगार बुडवून दर वेळी परळला जाणं शक्य नाही. औषध घरी सांभाळायला फ्रिज लागतो, आणि पत्र्याच्या खोलीत तो नसतो. म्हणून कुपी औंधच्या रुग्णालयातून मिळावी, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती थंड राहावी, आणि रोजचं इंजेक्शन आशाताईंच्या मदतीने दिलं जावं. लसी याच साखळीतून गावोगाव पोचतात. अशा सिद्ध रुग्णांची संख्या एका तालुक्यात बोटांवर मोजण्याइतकी असेल. औषध एकगठ्ठा घेतल्यावर भावही खाली येईल, कारण खरेदीदार एकच मोठा असेल आणि ते बनवू शकणारे कारखाने देशात आहेत.

संकुलातल्या त्या अकरा वर्षांच्या मुलाच्या डॉक्टरांनी त्याच्या पालकांना पंधरा मिनिटं जास्त द्यावीत, आलेख समोर ठेवावा, हाडांचं वय समजावून सांगावं आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजायला बोलवावं. औषध न लिहिता पाठवलेला रुग्ण दुसरीकडे जाईल ही धास्ती डॉक्टरांना असते. पालकांनी ती खोटी ठरवावी. आणि माण, मारुंजी, हिंजवडीच्या शाळांनी येत्या जूनमध्ये प्रगतिपुस्तकातला तो रकाना बूट काढून भरावा. त्यासाठी कुणाच्या परिपत्रकाची वाट बघायला नको.